मिथेनची विहीर खोदण्याआधी आपली विहीर मोजा

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या कोळसा पट्ट्यातले शेतकरी, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पाणीपुरवठा समित्या यांना. आणि ‘या प्रश्नाशी आपला काय संबंध?’ असं वाटणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गॅस ग्राहकांनाही,



एकच गोष्ट मागायला हे आवाहन लिहितो आहोत. येत्या मे महिन्यात, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा, आपल्या गावातल्या विहिरी आणि बोअर मोजून घ्या. पाण्याची पातळी लिहा, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो अहवाल ग्रामसभेच्या ठरावासह दप्तरी लावा. कोळशाच्या थरातला मिथेन वायू काढायला उद्या कोणी आलं, तर वाद पाण्यावरूनच होणार आहे. त्या दिवशी ‘आधी पाणी किती होतं, कसं होतं’ याचा पुरावा हातात नसेल, तर तो मागाहून तयार करता येत नाही.

आज तुमच्या शिवारात रिग उभी आहे, असं आमचं म्हणणं नाही. रिग उभी राहण्याआधी बोललो तरच बोलण्याला अर्थ आहे.

नियम बदलले, गावाला कळलं नाही

कोलबेड मिथेनचं, म्हणजे कोळशाच्या थरातल्या मिथेनचं, केंद्र सरकारचं धोरण १९९७ सालचं. त्यातल्या दुसऱ्या लिलाव फेरीत वर्धा खोऱ्यातला एक ब्लॉक ओएनजीसीकडे गेला होता. पुढे तो सोडून देण्यात आला. विषय तिथे संपला नाही. २०२२ मध्ये केंद्राने मिथेनच्या ब्लॉकांची विशेष फेरी काढली. त्यात मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाबरोबर महाराष्ट्रातलेही ब्लॉक होते.

त्याच्या आगेमागे दोन बदल झाले. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेल आणि वायूच्या शोधाचं काम ‘ब-२’ वर्गात टाकलं. या वर्गाला पर्यावरण आघात अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. मार्च २०२५ मध्ये संसदेने १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. शेल वायू, कोळशातला मिथेन, घट्ट खडकातला वायू, गॅस हायड्रेट हे सगळं आता ‘खनिज तेल’ या एकाच व्याख्येत आलं. जुन्या कायद्यातली कैदेची तरतूद गेली आणि तिच्या जागी दंड आला.

प्रत्यक्ष उत्पादनाच्या टप्प्यावर जनसुनावणी अजूनही आहे. पण तोवर चाचणी विहिरी झालेल्या असतात, पैसा गुंतलेला असतो, गावात दोन तट पडलेले असतात. जनसुनावणीचा अनुभव आपल्या भागाला नवा नाही. मंडप, लाल खुर्च्या, पोलीस बंदोबस्त, इंग्रजी अहवालाचा जाडजूड गठ्ठा आणि मागच्या रांगेतून ‘मराठीत सांगा’ म्हणून ओरडणारी माणसं. ती सुनावणी अपुरी असते हे खरं, पण तिच्यात निदान प्रश्न इतिवृत्तात नोंदवला जातो. शोधाच्या टप्प्यावर तेवढंही उरलेलं नाही.

आधी पाणी निघतं, मग वायू

शेल वायू आणि कोळशातला मिथेन यांत फरक आहे. शेल हा घट्ट खडक असतो. तो फोडायला पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत घालावी लागतात. एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागतं. कोळशातला मिथेन मात्र कोळशाच्या अंगाला चिकटून बसलेला असतो आणि त्याला तिथे धरून ठेवतो तो भूजलाचा दाब. दाब उतरवायचा तर पाणी उपसायला हवं. त्यामुळे पंप सुरू झाला की आधी पाणी येतं, कित्येक महिने येत राहतं, आणि ते कमी होत जातं तसतसा वायू वाढतो. गरज पडली तर कोळशाचा थरही फोडतात.

म्हणजे पाणी उपसणं हाच या उद्योगाचा कणा आहे, आणि चाचणी विहिरीलाही ते चुकत नाही. जनसुनावणीशिवाय होणाऱ्या कामातच उपसा सुरू होऊ शकतो, तो असा.

आता वर्धा खोऱ्याचा खडक पाहा. कोळसा आहे बराकर थरांत. बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर कामठी वालुकाश्म आहे आणि तो पाणी चांगलं धरतो. वरच्या पाण्याचा आणि खालच्या कोळशाचा संबंध जुळेल की नाही, हे मधल्या थरांवर आणि भेगांवर अवलंबून असतं. पण आपल्याकडे त्यात माणसाने केलेली भर मोठी आहे. कित्येक दशकं चाललेल्या भूमिगत आणि खुल्या खाणी, आणि कोळसा शोधण्यासाठी पाडलेली असंख्य भोकं. यातलं कोणतं भोक नीट बुजवलं आहे, याचा नकाशा एकाही गावच्या दप्तरात नसतो.

वर आलेलं पाणी बहुधा खारट असतं आणि त्यात सोडियमचं प्रमाण जास्त असतं. हे पाणी काळ्या मातीला सोसत नाही. सोडियमने मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, निचरा थांबतो आणि जमीन चोपण होते. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तिथे निसर्गानेच ते केलं आहे. वर्धा खोऱ्यात ते माणसाच्या हातून होऊ नये, एवढंच.

क्वीन्सलँडची काळी माती

परदेशातली उदाहरणं आपल्याला लागू पडत नाहीत, असं म्हणण्याची सोय इथे नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात डार्लिंग डाउन्स नावाचा प्रदेश आहे. माती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पीक कापूस आणि धान्य. खाली कोळसा. गेल्या दोन दशकांत तिथे मिथेनच्या हजारो विहिरी झाल्या.

तिथला कायदा कंपनीला वायूबरोबर येणारं पाणी उपसण्याचा हक्क देतो आणि त्या बदल्यात एक जबाबदारी टाकतो. शेतकऱ्याच्या बोअरचं पाणी उतरलं तर कंपनीने ते भरून द्यायचं: बोअर खोल करून, दुसरं बोअर मारून किंवा पैशाने. सगळ्या कंपन्यांच्या उपशाचा एकत्रित परिणाम काढायला सरकारचं स्वतंत्र भूजल कार्यालय आहे. शेकडो बोअरवर परिणाम होईल, असं खुद्द त्या कार्यालयाचं गणित सांगतं. एवढी व्यवस्था असूनही तंटे थांबलेले नाहीत. २०१० मध्ये शेतकरी आणि पर्यावरणवादी एकत्र येऊन ‘लॉक द गेट’ ही चळवळ उभी राहिली. फाटकांवर पिवळे त्रिकोणी फलक लागले.

पुढचा प्रश्न कोणी आधी फारसा धरलाच नव्हता. खालचं पाणी आणि वायू निघाल्यावर वरची जमीन किंचित बसते. किंचित म्हणजे काही सेंटिमीटर. माळरानावर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण डार्लिंग डाउन्सची शेतं लेझरने समतल केलेली असतात. पाणी एका टोकाला सोडलं की सऱ्यांमधून आपोआप दुसऱ्या टोकाला जावं, इतका हलका उतार त्यांना दिलेला असतो. त्या उतारात दोन-चार बोटांचा खळगा पडला की पाणी मधेच तुंबतं आणि तेवढ्या पट्ट्यातला कापूस जातो. एका कंपनीने तिरप्या विहिरी शेतांखालून नेल्या आणि शेतकऱ्यांना आवश्यक ती नोटीसच दिली नाही. २०२२ मध्ये तिला त्यापायी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. जमीन बसण्याविषयीच्या तरतुदी कायद्यात आल्या त्या २०२४ मध्ये, म्हणजे विहिरी झाल्यावर.

आपल्याकडे लेझरची शेती नसेल. पण ऑगस्टच्या झडीत वावरात पाणी तुंबलं की तूर उभी वाळते, हे पाहायला यंत्र लागत नाही.

पैसा येतो कोणाकडे, खर्च राहतो कोणाकडे

वायू आला की रोजगार येतो, असं सांगितलं जाईल. येतो, पण कधी आणि किती दिवस, ते विचारा. क्वीन्सलँडमध्ये बांधकामाच्या तेजीत चिंचिला, माइल्स या गावांत घरभाडी आभाळाला भिडली. पाइपलाइन आणि ग्लॅडस्टोन बंदरातले तीन निर्यात प्रकल्प बांधून झाले आणि माणसं निघून गेली, भाडी कोसळली, कर्ज काढून घरं बांधणारे अडकले. तयार विहिरीला फार माणसं लागत नाहीत.

स्वस्त वायूचं काय झालं? ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा वायू २०१५ पासून जहाजाने बाहेर जाऊ लागला आणि देशातला दर जागतिक बाजाराला बांधला गेला. घाऊक दर दुपटी-तिपटीने चढले. शेवटी २०१७ मध्ये सरकारला निर्यातीवर लगाम घालण्याची तरतूद करावी लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये दरावर कमाल मर्यादा आणावी लागली. वायू निर्यात करणाऱ्या देशातल्या कारखानदारांवर गॅससाठी रडायची पाळी आली.

आपल्याकडेही २०१७ पासून कोळशातल्या मिथेनच्या कंपन्यांना विक्री आणि दर ठरवण्याची मोकळीक आहे. तेव्हा तुमच्या शिवाराखालचा वायू तुमच्या चुलीवर स्वस्तात येईल, या भरवशावर कोणी राहू नये.

गावाच्या वाट्याला काय येतं, ते आता पाहू. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात जमिनीखालचं खनिज पुष्कळदा खाजगी मालकीचं असतं आणि कायद्याने मालकाला किमान एक अष्टमांश रॉयल्टी मिळते. इथे मिथेनवरची दहा टक्के रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते. त्याहून मोठी गोम पुढे आहे. कोळशाच्या खाणीमागे जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जो निधी मिळतो, तो १९५७ च्या खाण कायद्याखाली. खनिज तेल त्या कायद्याच्या बाहेर आहे, आणि मिथेन खनिज तेलात मोडतो. म्हणजे कोळसा काढला तर चंद्रपूरला प्रतिष्ठानचा वाटा मिळतो, पण त्याच कोळशातला वायू काढला तर तो वाटा देण्याची सक्ती या कायद्यात नाही. आपल्या आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पाइपलाइनचंही तसंच. १९६२ च्या कायद्याने जमीन तुमच्या नावावरच राहते, फक्त वापराचा हक्क जातो. त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के भरपाई मिळते आणि मग तिथे घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. सातबारा तुमचा आणि अटी त्यांच्या.

सगळ्यात शेवटचा खर्च असतो संपलेल्या विहिरीचा. ती सिमेंटने बुजवावी लागते, नाहीतर वायू आणि खारं पाणी वर येत राहतं. अमेरिकेत कंपन्या बुडाल्या, निघून गेल्या, आणि बेवारस विहिरी बुजवायला २०२१ च्या कायद्याने ४.७ अब्ज डॉलर सरकारी तिजोरीतून बाजूला काढावे लागले. नफा खाजगी आणि बूच सरकारी, असा तो हिशेब.

‘मग काय कोळसाच जाळायचा?’

हा प्रश्न चंद्रपूरच्या माणसाने विचारला तर तो रास्त आहे. औष्णिक केंद्राची राख श्वासात घेणाऱ्या शहराला वायूवरची वीज स्वच्छच वाटणार. तिच्यात राख नाही, धूर कमी. खाणीत साठणारा मिथेन आधीच काढून घेतला तर स्फोटाचा धोकाही कमी होतो. ही बाजू खरी आहे आणि ती आम्ही नाकारत नाही.

पण मिथेन न जळता हवेत सुटला तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. अमेरिकेतल्या तेल-वायू उद्योगातली गळती मोजून २०१८ मध्ये एक अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात आला. उत्पादनाच्या सुमारे २.३ टक्के वायू गळत होता, सरकारी अंदाजापेक्षा सुमारे साठ टक्क्यांनी जास्त. गळती तीन टक्क्यांच्या घरात गेली की कोळशावरची आघाडी निदान काही दशकं तरी पुसली जाते. त्यामुळे वायू स्वच्छ आहे की नाही, हे विहिरीच्या तोंडाशी लावलेला मीटर सांगतो. जाहिरातीवर जाऊ नका.

आणि एवढी घाई करावी इतका हा वायू आहे तरी किती? पश्चिम बंगालमधल्या रानीगंजला २००७ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झालं. त्यानंतर एवढी वर्षं जाऊनही देशात कोळशातला मिथेन वर्षाला एक अब्ज घनमीटरच्या आतच निघतो. देशाची वायूची गरज साठ अब्ज घनमीटरच्या वर आहे आणि त्यातला जवळपास निम्मा वायू आयात होतो. हा वायू कोट्यवधी वर्षं कोळशात बसून आहे. आपण दोन वर्षं पाणी मोजायला घेतली तर तो कुठे पळून जात नाही.

पुण्या-मुंबईकरांनो, इथे तुमचा संबंध येतो. अमेरिकेच्या लुईझियानातल्या साबीन पास प्रकल्पाशी गेल या सरकारी वायू कंपनीने वीस वर्षांचा करार केला आहे. त्यातलं पहिलं जहाज ३० मार्च २०१८ ला दाभोळला लागलं. अमेरिकेचा बहुतांश वायू आज शेलमधून येतो. म्हणजे फोडलेल्या खडकातल्या वायूचा महाराष्ट्र जुनं गिऱ्हाईक आहे. तरी २०२२ मध्ये जागतिक भाव भडकले तेव्हा राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, आणि रिक्षावाल्याच्या पंपावरचा आकडा पुढे चढतच गेला. देशी वायूची तुमची मागणी रास्त आहे. तिच्यासोबत ‘पाण्याची नोंद केल्याशिवाय काढलेला वायू नको’ ही मागणीही तुम्हीच केली, तर ती गावच्या ठरावाहून लांब ऐकू जाईल.

काय करायचं

१. पाणी मोजा. दोर आणि टेप घेऊन मे आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक सार्वजनिक विहिरीची पातळी घ्या. तारीख लिहा, पंच म्हणून दोघांच्या सह्या घ्या, जागेचा फोटो ठेवा. बोअरची खोली आणि पंप किती तास चालतो, तेही लिहा.

२. पाणी तपासा. एकूण क्षार, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड आणि फ्लोराइड निदान एवढं तरी पाहून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत फ्लोराइड आधीपासून आहे. म्हणून तर आधीचा आकडा हवा. पेन्सिल्व्हेनियातल्या डिमॉक गावी १ जानेवारी २००९ ला एका पाण्याच्या विहिरीचा स्फोट झाला. त्यानंतर तिथे वायू काढणारी कंपनी वर्षानुवर्षं म्हणत राहिली की इथल्या पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे. तंटा दशकाहून जास्त चालला. विरघळलेला मिथेन तपासून देण्याची मागणी प्रशासनाकडे लेखी करा.

३. ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात चार अटी घाला. शोधाच्या टप्प्यावरही मराठीतून जनसुनावणी व्हावी. आत घातलेल्या रसायनांची आणि उपसलेल्या पाण्याची नोंद गावात फलकावर लागावी. विहीर बुजवण्याचा पूर्ण खर्च आधीच अनामत म्हणून जमा व्हावा. आणि ठरावीक अंतरातली विहीर बिघडली तर दोष कंपनीचा गृहीत धरावा, तो नसल्याचं कंपनीने सिद्ध करावं. ही चौथी अट कोणाच्या मनातून निघालेली नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्यात ती आहे: विहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत, बारा महिन्यांपर्यंत.

४. माहिती मागा. आपलं गाव कुठल्या ब्लॉकात येतं का, कोणती परवानगी कोणत्या टप्प्यावर आहे, जुनी शोध-भोकं कुठे आहेत आणि बुजवली आहेत का, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर आलं नाही तर अपील करा.

५. राज्याला जाब विचारा. तमिळनाडूत मन्नारगुडीच्या मिथेन प्रकल्पाचा करार २०१० चा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले. सेंद्रिय शेतीचे कार्यकर्ते जी. नम्माळ्वार यांचं डिसेंबर २०१३ मध्ये निधन झालं तेही त्या लढ्यात असतानाच. २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने हा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवला आणि तिथे तेल, वायू, कोळशातला मिथेन यांचे नवे प्रकल्प बंद केले. राज्याच्या हातात काही नाही, असं मुंबईत कोणी सांगितलं तर त्यांना तमिळनाडूचा दाखला द्या. विदर्भात बंदी हवी की कडक अटी, यावर आपल्यात मतभेद असतील. ते ग्रामसभेत मांडा. पण आधी आकडे हातात घ्या.

या कामाला पक्ष लागत नाही, देणगी लागत नाही आणि प्रकल्पाला विरोध असण्याचीही अट नाही. ज्याला आपल्या गावात वायू हवा आहे, त्याने तर पाणी मोजण्यात पुढे असायला हवं. उद्या कंपनी निर्दोष असेल तर हीच वही तिच्याही कामाची आहे.

पुढची ग्रामसभा कोणत्या तारखेला आहे, ते आजच विचारून घ्या आणि विषयपत्रिकेत ‘भूजलाची आधारभूत नोंद’ हा विषय लेखी अर्जाने घालायला लावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.